दगडी पुलापासून समुद्रापर्यंत

मनिला
६ फेब्रुवारी १९८९

आते पोतेन,

पत्र मिळालं आणि चिकट भाताचे सुमानही मिळाले. केळीच्या पानांसकट ऑफिसात नेले, दहा मिनिटांत फस्त झाले. इंजिनियर लाक्सिनांनी दोन खाल्ले आणि पान चाटलं. मोठा साहेब पान चाटतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं. तुझ्या हाताला तोड नाही, हे साहेबांचं मत, माझं नव्हे. माझं मत तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

आता मोठी बातमी. आपल्या मालिनाव नदीचे पाण्याचे नियम बदलायचं ठरलंय. जुने नियम वीस वर्षांपूर्वीचे. तेव्हा वरच्या अंगाला मळीपासून दारू काढणारा कारखानाही नव्हता. आता नदीचे तुकडे पाडून एकेकाला वर्ग द्यायचा. अ म्हणजे पिण्याचं पाणी, ब अंघोळीचं, क मासळीचं, आणि ड म्हणजे फक्त शेतीला नि कारखान्यांना. वर्ग कसा ठरवायचा, तर लोक त्या पाण्याचं काय करतात ते घरोघर विचारून. जिथे माणसं पाण्यात उतरतात तिथे घाण सोडायची नाही, इतकं साधं आहे. आणि विचारायचा फॉर्म कुणी केलाय माहीत आहे? तुझ्या धाकट्या भावाने. कापडं बडवायच्या आवाजात पाढे पाठ केले, त्याचं काहीतरी झालं म्हणायचं.

मला मात्र तिकडे पाठवणार नाहीत. स्वतःच्या गावचं काम स्वतः करायचं नसतं, असं इंजिनियर म्हणतात. दोन मुली येतील, माझ्या टेबलाशेजारी बसणाऱ्या.

म्हणून एक सांगतो, हसू नकोस आणि चिडूही नकोस. मी नोकरीला लागलो तेव्हा इंजिनियरनी सगळ्यांसमोर विचारलं, आई काय करते? भोवती सगळी वकिलांची नि डॉक्टरांची मुलं. माझ्या तोंडून निघून गेलं, नानाय शिक्षिका होती. तेव्हापासून ते तसंच चाललंय. दोन तासांचा प्रश्न आहे, आते. दारात लोकांच्या कपड्यांचे गठ्ठे तेवढे नकोत. नानायला तू तुझ्या पद्धतीने सांग. तिला लागेल असं सांगू नकोस.

तुझा
सेल्मो


बातुहान
३ मार्च १९८९

सेल्मो,

आल्या तुझ्या मुली आणि गेल्याही. चांगल्या आहेत बिचाऱ्या. एकीच्या चपलेचा अंगठा चिखलात तुटला, तो मी शिवून दिला.

नानायला कसं सांगायचं याचा दोन दिवस विचार केला आणि शेवटी जसंच्या तसं सांगितलं. तिने दोरीवरचे कपडे काढले, घड्या घातल्या. मग म्हणाली, "शिक्षिका काय घालतात गं?"

सुसमार्योसेप! त्यानंतर आठ दिवस या घरात जे चाललं ते तू पाहायला हवं होतंस. माझा लग्नातला तपकिरी झगा उसवून तिच्या मापाचा केला. फादरच्या स्वैपाकिणीकडून चष्मा मागून आणला. तो घातला की तिला समोरचं काही दिसेना. कॉफी कपाच्या बाहेर ओतली, बशीत, आणि बशी तशीच त्या मुलीपुढे धरली. मुलीने अदबीने विचारलं, "आलिंग सुला, किती वर्षं शिकवलंत?" तर नानाय मान ताठ करून म्हणते, "पुष्कळ." मला हसू आवरेना म्हणून मी सुमान आणायच्या मिषाने आत गेले.

मुलींना ती इतकी आवडली की प्रत्येक घराच्या फॉर्मवर गावची साक्षीदार म्हणून त्यांनी तिचंच नाव घातलं. 'उर्सुला दिमाआनो, शिक्षिका.' त्यांनीच लिहिलं, सही नंतर घेऊ म्हणाल्या आणि विसरल्या. बरंच झालं म्हणायचं.

प्रश्नांची उत्तरं सगळ्यांनी छान दिली. नानायने बायकांना आधीच गोळा करून बजावून ठेवलं होतं. काय बजावलं ते तू विचारू नकोस आणि मीही सांगत नाही. तुझं नाक वर राहिलं, झालं तर मग.

मुली गेल्यावर तिने झगा काढून खुंटीला लावला आणि गठ्ठा घेऊन नदीवर गेली. दोन दिवसांचं धुणं तुंबलं होतं.

आते पोतेन


मनिला
१२ जून १९८९

आते पोतेन,

उशीर झाला लिहायला. तीन महिने नुसता आकड्यांत बुडालो होतो. खोऱ्यातल्या सगळ्या गावांचे फॉर्म आले, बेरजा झाल्या, नकाशा रंगवून भिंतीवर लागला.

आपल्या गावाचं पाहून मी थक्कच झालो. त्रेचाळीस घरं, आणि एकही घर नदीत अंघोळ करत नाही, धुणं धूत नाही, शिंपले काढत नाही. सगळे पंपावर! कधी बसले गं इतके पंप? मला कुणी कळवलंही नाही. मी असताना एकच होता, चर्चच्या मागे, आणि त्याचा दांडा कुणीतरी पळवलेला असायचा. नानायनेही आता नदी सोडली हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू. तिचे गुडघे पाण्यात राहून राहून गेलेत.

पाण्यात कुणी उतरतच नाही, तर दगडी पुलापासून समुद्रापर्यंतचा तुकडा वर्ग डमध्ये जाईल. म्हणजे कारखान्याला त्याचं सांडपाणी थंड करून तिथे सोडता येईल. रंग नि वास थोडा येईल म्हणतात. पण कुणाला त्रास नाही, तर हरकत काय? फॉर्म बोलतो, आम्ही लिहितो, असं इंजिनियर म्हणतात.

नानायला सांग, मुली अजून तिच्या कॉफीची आठवण काढतात.

सेल्मो


बातुहान
२६ जून १९८९

सेल्मो,

अरे गाढवा! तुला एवढी पुस्तकं वाचून काय कळलं?

परवा सान हुआनचा सण झाला. सकाळपासून अख्खा गाव नदीत. म्हातारे, तान्ही पोरं, नवी सून, फादरसुद्धा. एकमेकांवर तांबे ओतत होते, आणि मी तुझं पत्र झग्याच्या खिशात घेऊन काठावर बसले होते. कुणीतरी मागून माझ्या डोक्यावर बादली ओतली. पत्र भिजलं. तरी वाचता येतंय, दुर्दैव.

एकच पंप आहे, सेल्मो. चर्चच्या मागचाच. दांडा अजूनही नाही.

नानायने बायकांना काय बजावलं ते ऐक आता. "माझ्या सेल्मोच्या ऑफिसातल्या बायका येणारेत. त्याच्या गावची माणसं उघड्यावर नदीत अंघोळ करतात असं त्यांना कळलं तर तो तिथे मान वर करून कसा बसेल? विचारलं तर पंप म्हणायचं." आणि त्रेचाळीस घरांनी पंप म्हटलं. त्या दिवशी कुणी घाटावर फिरकलं नाही. पोरांना घरात कोंडलं. कपडे बडवायच्या फळ्या पलंगाखाली घातल्या. तिच्यावर प्रेम म्हणून, आणि तुझ्यावरही. आपल्यातला एकजण मनिलात साहेब झालाय ना!

मी तेव्हाच लिहायला हवं होतं. गंमत वाटली मला. माझंही डोकं कुठे गेलं होतं?

नानायला मी वर्ग ड म्हणजे काय ते सांगितलं. ती म्हणाली, "सेल्मो तिथे आहे. तो कशाला होऊ देईल?"

तर आता काय ते कर.

पोतेन


मनिला
१५ जुलै १९८९

आते,

तुझं पत्र मिळालं. त्याच दिवशी इंजिनियरांकडे गेलो. ते म्हणाले, फॉर्म गावाने दिलेत, मी ते फाडू शकत नाही. पण वाट आहे. नऊ सप्टेंबरला प्रांताच्या नगरभवनात जाहीर सुनावणी आहे. तिथे गावाने लेखी सांगायचं की आधीची उत्तरं खरी नव्हती. बाकीच्यांचे अंगठे चालतील. पण सगळ्या फॉर्मांवर जिचं नाव साक्षीदार म्हणून आहे तिनं समोर येऊन कबूल करायला हवं. त्याशिवाय बाकीचे कागद मोजणार नाहीत.

म्हणजे नानाय.

निवेदन मीच लिहून पाठवतोय. अर्धं पान आहे, वाचून दाखव तिला. ती धोबीण आहे, रोज नदीत उभी राहते, रोज तिथेच अंघोळ करते, एवढंच आहे त्यात. दुसरं खरं काय लिहिणार?

शिक्षिकेचं मी आधीच इंजिनियरांना सांगून टाकतो. नानाय तिथे यायच्या आत. शब्द देतो तुला. तिला काही अवघड वाटणार नाही, तिने फक्त अंगठा लावायचा.

सेल्मो


बातुहान
१४ सप्टेंबर १९८९

सेल्मो,

पाच दिवस झाले. म्हटलं राग उतरला की लिहीन. उतरत नाही, म्हणून आता तसंच लिहिते.

तू सांगितलं नव्हतंस.

आम्ही पहाटेची बस धरली. तिने तपकिरी झगा घातला नव्हता. म्हणाली, "आज खरं सांगायला चाललोय, मग माझाच घालते." तो निळा, कोपरावर विरलेला. वाटभर निवेदन पुटपुटत होती, पाठ केलं होतं तिने. 'मी, उर्सुला दिमाआनो, धोबीण.' शेजारच्या बाईलाही म्हणून दाखवलं.

आत गेलो आणि तुझे इंजिनियर खुर्ची सोडून उठले. स्वतःची खुर्ची पुढे केली तिला. "या, मिसिस दिमाआनो! सेल्मो तुमच्याबद्दल किती अभिमानाने बोलतो. माझी आईही शिक्षिकाच होती." त्या दोन मुली धावत आल्या, एकीने आशीर्वादासाठी तिचा हात आपल्या कपाळाला लावला. नानायने तुझ्याकडे पाहिलं. मी तिच्या मागे उभी होते, मीही पाहिलं. तू कागद चाळत होतास. कसले कागद होते रे ते?

मग तिच्यापुढे निवेदन ठेवलं. बाकीच्यांसाठी शाईची डबी होती, तिच्यापुढे कुणी ती सरकवली नाही. पेन दिलं. शिक्षिकेला अंगठा लावायला कोण सांगेल? तिने पेन हातात धरलं, उलटंसुलटं केलं, आणि म्हणाली, "चष्मा विसरले."

"हरकत नाही, आम्ही वाचून दाखवतो," इंजिनियर म्हणाले, आणि मोठ्याने वाचलं. मी, उर्सुला दिमाआनो, धोबीण. त्या मुली तुझ्याकडे बघायला लागल्या. तुझे कान लाल झाले, मला तिच्या मागूनही दिसत होते. नानायलाही दिसलेच असणार, तिला त्या दिवशी चष्मा नव्हता.

ती म्हणाली, "हे माझं नाही. कुणीतरी चुकून लिहिलंय."

मी ओरडले, "नानाय!" तर माझ्यावरच डोळे वटारले. इंजिनियरनी कागद तिला परत दिला, अगदी अदबीने. आणि लिहून घेतलं, बातुहान गावची हरकत मागे घेतली. आमच्या मागे बायका बसल्या होत्या, अंगठ्यांना शाई लागलेली तशीच.

तू उठला असतास तर पुरे होतं, सेल्मो. काही बोलायलाही नको होतं. नुसता उठून तिच्याजवळ येऊन उभा राहिला असतास तर तिने दोन्ही हातांचे अंगठे लावले असते.

बसमध्ये मला वाटलं, आता ती रडेल. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्याचं तोंड किती उतरलं होतं गं. तिथे नीट जेवत नाही वाटतं."

पोतेन


मनिला
२२ जानेवारी १९९०

आते,

चार महिने रोज लिहायला बसलो. काय लिहू? तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. सांगायला दोनदा इंजिनियरांच्या दारापर्यंत गेलो होतो आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच कामाचं बोलून परत आलो. मी भित्रा आहे. हे तुला आधीपासून माहीत असणार, मला आता कळलं.

नियमांवर गेल्या आठवड्यात सही झाली. पान सोबत पाठवतोय, कारण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. सतरावी ओळ बघ. 'मालिनाव नदी, दगडी पुलापासून समुद्रापर्यंत: वर्ग ड.' ती ओळ मीच टाइप केली. पुढची फेरतपासणी पाच वर्षांनी.

कारखान्याचा नळ मार्चमध्ये सुटेल. तोवर पंपाचा दांडा बसवायचा अर्ज केलाय.

नानायचे हात कसे आहेत?

सेल्मो


बातुहान
२० मे १९९०

सेल्मो,

हात विचारलेस म्हणून सांगते. हात बरे आहेत, पाय नाहीत. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चट्टे उठलेत, खाजवून खाजवून ओले झालेत. दवाखान्यातली नर्स म्हणाली, आजी, पाण्यात उतरू नका. ही म्हणते, मग धुऊ कुठे? तुझा दांडा अजून आला नाही.

पाणी गुळाच्या काकवीसारखं झालंय. तसाच वासही येतो, उन्हात डोकं धरतं. ईस्टरच्या आधी शिंपले सगळे तोंड उघडून वर आले, पोरं हाताने गोळा करत होती, मी ओरडून टाकायला लावले. रात्रंदिवस नदी बघत जगलेली माणसं आम्ही, आता दारं तिच्याकडची बंद ठेवतो. शहरातल्या बायका नानायला कपडे देईनाशा झाल्या. परत आलेल्या चादरींना वास येतो म्हणतात. मागच्या आठवड्यात शेवटचा गठ्ठा गेला. आता ती घाटावरच्या आपल्या दगडावर बसते आणि पाय पाण्यात सोडते. मी ओढून आणते, पुन्हा जाते. म्हणते, सवय आहे.

तुझ्यावर चिडायलाही आता बळ नाही रे. ती तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द ऐकून घेत नाही. जानेवारीपासून तिने मला अक्षरं शिकवायला लावली आहेत, छोटे शब्द ती आता वाचते. कशाला ते तिच्याच शब्दांत वाच, तिने सांगितलं तसं खाली उतरवलंय. सही झाली, संपलं सगळं, हे मी तिला सांगितलेलं नाही. माझ्याने झालं नाही. तूच सांग.

"सेल्मो, बाळा, मी बरी आहे. पोतेन उगाच काहीबाही लिहिते, तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. तो तुझा कागद मी त्या दिवशी घडी करून आणला होता, भाताच्या डब्याखाली सपाट ठेवला होता. मी आता सही करते. कोळशाने दगडावर गिरवली, मग पेन्सिलने. 'उ'चं पोट मला अजून नीट जमत नाही, पण साहेबांना कळेल. कागदावर धोबीण लिहिलंय तर लिहू दे, आता मला सही येते तर त्यात लाजायचं काय? तुलाही लाज वाटायला नको. साहेबांना दाखव. म्हणावं, आईचा चष्मा सापडला. पुढच्या महिन्यात सान हुआन आहे, त्याच्या आत त्यांना नदीचं बघायला सांग. पोरं विचारतात. तू आलास तर सुमान करायला लावीन. जेवत जा."

सोबत कागद आहे. सही बघ.

पोतेन


मनिला
९ जून १९९०

आते पोतेन,

खालचं पत्र नानायच्या हातात दे. तू वाचू नकोस. तिला अडलं तरच मदत कर. मोठ्या अक्षरात लिहिलंय, तिला वाचता येतील तेवढेच शब्द घेतलेत. काल ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. इंजिनियरनी नानायची सही पाहिली, कागद माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, हे नऊ सप्टेंबरला सांगायचं होतंस.

सेल्मो


नानाय,

सही बघितली.
खूप छान सही आहे.
साहेबांना दाखवली.
सगळ्यांना दाखवली.

मी सांगितलं, माझी आई धोबीण आहे.
तिने कपडे धुतले, मी शिकलो.

पण उशीर झाला, नानाय.
कागद आता चालत नाही.
तुझी चूक नाही.
माझी चूक आहे.
माझी एकट्याची.

मी सान हुआनला येतो.
आपण घरात बसू.
मी बादलीने पाणी आणीन, लांबून.
तुझे पाय मी धुईन.

नदीत उतरू नकोस, नानाय.

सेल्मो